निसाचा किल्ला बघायचाय? आधी पत्र मिळवा

निसा म्हणजे पार्थियन राजांचा (प्राचीन इराणवर राज्य करणारे) किल्ला, तुर्कमेनिस्तानात, अश्गाबातच्या जवळच बागीर गावापाशी, २००७ पासून युनेस्कोच्या यादीत. किल्ल्यात जाणं सोपंय हो, तिकीट काढलं की झालं, खरी गंमत देशात शिरायची आहे.

कोणाला जाता येतं? भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतोच. टुरिस्ट व्हिसासाठी आधी एलओआय म्हणजे निमंत्रणपत्र पाहिजे आणि ते आपण स्वतः काढू शकत नाही, तिथली मान्यताप्राप्त ट्रॅव्हल एजन्सी त्यांच्या मायग्रेशन खात्याकडे अर्ज करते आणि टूर, हॉटेल, गाईड सगळं तिच्याकडूनच घ्यावं लागतं. म्हणजे बॅग उचलली आणि निघालो हा प्रकार इथे विसरा.

कागद फार नाहीत. किमान ६ महिने वैध पासपोर्ट, त्याच्या फोटोवाल्या पानाचा कलर स्कॅन, पासपोर्ट साईज फोटो, भरलेला फॉर्म, कधीकधी नोकरीचं पत्रही मागतात. फॉर्मवर नाव अगदी पासपोर्टसारखंच लिहा. पत्रकार असाल तर नकाराची तयारी ठेवा, आणि नकार कोणालाही येऊ शकतो, कारण सांगत नाहीत, त्यामुळे पत्र हातात येईपर्यंत विमानाचं नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका, प्लीज! काही आठवडे हाताशी ठेवूनच अर्ज टाका.

पत्र आलं की व्हिसा दूतावासातून घ्या (आपल्याकडे दिल्लीत आहे) किंवा अश्गाबात विमानतळावर उतरल्यावर. फी तिथे डॉलरमध्ये कॅश भरायची, नोटा नव्या कोऱ्या न्या, कार्डाच्या भरवशावर राहू नका. ३ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते एजन्सी करते पण झालं का ते तुम्ही विचारा. नियम बदलत असतात, अर्जाआधी दूतावासात एकदा कन्फर्म करा.

आता एवढं करून बघायला काय, तर मातीच्या विटांच्या जाड भिंती, चाळीसेक बुरुजांच्या खुणा, १४ हेक्टरचं टेकाड आणि मागे कोपेतदागचे डोंगर. सावली नाही, टोपी-पाणी न्या. इथे खापरांवर लिहिलेले अडीच हजारांहून जास्त लेख सापडलेत, बरेचसे कुठल्या मळ्यातून किती वाईन आली याचे हिशोब, म्हणजे तेव्हाही नोंद केल्याशिवाय आत काही सोडत नव्हते. हस्तिदंती मद्यपात्रं मात्र किल्ल्यावर शोधू नका, ती अश्गाबातच्या म्युझियममध्ये आहेत, तेही टूरमध्ये घालायला एजन्सीला आधीच सांगा. आणि हो, नाशिकच्या पांडवलेणीत सातवाहन राजा गौतमीपुत्राने ज्या पल्हवांचा नाश केला असं कोरलंय ना, ते पल्हव म्हणजे पार्थियनच मानले जातात.