ठासणीची बंदूक (सातारा–सांगली परिसर)

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी किंवा छर्रे घालून गजाने ठासून भरायची ती ठासणीची बंदूक. मागून भरायची काडतुसाची बंदूक येईपर्यंत बहुतेक सगळ्या हातबंदुका याच जातीच्या होत्या. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या मुलखात ती गडावरच्या शिबंदीच्या हाती होती, पुढे डोंगराकडच्या शेतकऱ्याची राखणीची बंदूक म्हणून राहिली, आणि आता बहुतांशी संग्रहालयाच्या काचेआड दिसते. तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यात लढायाच फार असतात. ती घडवली कशी आणि कुणी, हे सहसा राहून जाते; या नोंदीत त्यालाच अधिक जागा दिली आहे.

रचना

बार पेटवण्याच्या रीतीवरून या बंदुकीचे प्रकार पडतात. सर्वांत जुनी तोड्याची बंदूक. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला सुताचा दोर, म्हणजे तोडा, धुमसत ठेवलेला असे. चाप ओढला की तोडा धरलेला आकडा खाली येई आणि नळीच्या बाजूच्या लहानशा वाटीतल्या बारीक दारूला, म्हणजे रंजकाला, विस्तव लागे. रंजकाची ज्योत नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरली की बार उडे. पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. एकोणिसाव्या शतकात स्फोटक मसाल्याची तांब्याची टोपी निघाली आणि तिच्यावर घोडा आपटून बार काढण्याची सोय झाली.

युरोपात चकमकीची बंदूक रूढ होऊन कितीतरी काळ लोटला, तरी आपल्याकडे तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिला. याला मागासलेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. चकमकीच्या यंत्रणेला चांगल्या पाण्याची पोलादी कमान लागते आणि ती मोडली तर गावात दुरुस्त होत नाही. तोड्याच्या बंदुकीत मात्र बिघडण्यासारखे फार थोडे असते. आकडा वाकला, चाप सैल झाला, तर गावचा लोहार तासाभरात काम करून देई. जिथे दुरुस्ती ऐरणीवरच व्हायची, तिथे साधे हत्यार हेच शहाणपणाचे होते.

तिची उणीव होती पावसाची. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पट्ट्यात पावसाळ्यात धुमसता तोडा आणि कोरडे रंजक सांभाळणे महाकठीण. रात्री तोड्याचा निखारा लांबून दिसे, तोही धोकाच.

दख्खनी तोड्याची बंदूक ओळखायला अवघड नाही. नळी लांब, दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ. नळी दस्त्याला खिळ्यांनी ठोकलेली नसते, तर तारेच्या किंवा कातड्याच्या बंधांनी आवळलेली असते. त्यामुळे बंध सोडून नळी बाहेर काढता येते आणि साफ करून पुन्हा बसवता येते. पुष्कळ नगांना साखळीला अडकवलेली एक सुई असते. जळक्या दारूची काजळी साचून कान बुजला की तो मोकळा करायला ती लागे. ही सुई पाहिली की समजते, बंदूक घडवणाऱ्याने ती चालवणाऱ्याची अडचण किती नेमकी ओळखली होती.

घडण

एक बंदूक एका हाताने पुरी होत नसे. नळी लोहाराची, दस्ता सुताराचा, आणि घासकाम, झिलई व नक्षी शिकलगाराची, म्हणजे हत्यारे घासून उजळणाऱ्या कारागिराची. बहुतेक काम घराच्या ओसरीवर किंवा घराला लागून असलेल्या भट्टीवर चाले. वेगळा कारखाना नव्हता.

खरे कसब नळीत. सलग गजाला आरपार भोक पाडणे त्या काळच्या गावठी साधनांना झेपणारे नव्हते. म्हणून लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळत आणि लालबुंद असतानाच ठोकून तिच्या कडा एकजीव करत. भाता ओढणारा आणि घण मारणारा यांचा मेळ चुकला की सांध्यात राख किंवा खपली अडकून राही. मग आतून घासून नळी गुळगुळीत करायची, उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार पाहायचे, आतल्या सावलीची रेघ जिथे वाकडी दिसेल तिथे हलक्या हाताने ठोकायचे, आणि पुन्हा पाहायचे. नळी सरळ आहे की नाही हे ठरवायला कारागिराजवळ डोळ्याखेरीज दुसरे माप नव्हते. वेगवेगळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्यांवर घासल्यानंतर लाटांसारखी नक्षी उमटे, आणि अशा नळीला मान असे.

या कामातला धोकाही सांध्यातच दडलेला असतो. बाहेरून एकसंध दिसणारी नळी आतून कच्ची असू शकते. बार उडताना सर्वांत जास्त दाब मागच्या टोकाशी येतो, आणि तिथेच बार काढणाऱ्याचा हात आणि गाल असतात. गावठी नळी फुटून बोटे किंवा डोळा गमावण्याचे प्रसंग घडत आले आहेत ते यामुळेच. जुनी नळी भिंतीवर शोभेला ठीक. तिच्यात दारू भरून पाहण्याचा मोह कुणी धरू नये.

दस्त्याला शिसवासारखे चिवट, सहसा न तडकणारे लाकूड लागे. सुतार पटाशीने नळीपुरती खाच कोरून घेई. नळी आणि खाच यांच्यात फट राहिली तर प्रत्येक बाराला नळी हादरते आणि नेम चुकतो.

इथल्या जुन्या बंदुकांच्या नळ्या बहुधा आतून सपाट असत. आतून मळसूत्री आटे पाडलेली नळी, म्हणजे रायफल, ही वेगळी चीज आहे. आट्यांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती दूरवर नेमकी जाते. अठराव्या शतकात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी हाताने घडवलेल्या लांब नळीच्या रायफली प्रसिद्ध आहेत, आणि तशी रायफल घरच्या कार्यशाळेत हाताने घडवण्याचा छंद तिथे आजही जोपासला जातो. आपल्याकडे आट्यांची नळी मोठ्या प्रमाणावर आली ती कंपनी सरकारच्या फौजेबरोबर. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून 1857 साली असंतोष पेटला.

शिकलगारांचे स्थित्यंतर

1818 साली पेशवाई बुडाली, 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. फौजा गेल्या तशी हत्यारांची मागणीही आटली. 1878 च्या शस्त्र कायद्याने तर बिनपरवाना शस्त्र बाळगण्यावर आणि घडवण्यावर इंग्रजी मुलखात बंधन आले. हाताला वळण असलेल्या या कारागिरांचे पुढे काय झाले, याचे सर्वांत सुंदर उत्तर मिरजेत मिळते.

पटवर्धनांच्या मिरज संस्थानात शिकलगार घराणी हत्यारांचे काम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. तलवारीला पाणी देणारे हात भोपळा आणि लाकूड घेऊन बसले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर हेच आडनाव लावले, आणि मिरजेची सतार आणि तानपुरा देशभरच्या गवयांकडे पोचला. 2024 साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

कानशीने घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलावी, हे काम पाहिले की त्यामागची शिकलगारी लक्षात येते. इथेही मोजपट्टी कामाला येत नाही, कारागीर कानावर विसंबतो. घडणीचे बरेच काम आजही घरातच चालते, आणि मुलगा बापाशेजारी बसूनच ते शिकतो. या भागातल्या बंदूककामाचा वारसा कुठे जिवंत असेल तर तो मिरजेतल्या या सतारमेकरांकडे आहे, असे म्हणायला हरकत नाही. संग्रहालयात हत्यार कोणत्या सरदाराचे ते लिहिलेले असते; घडवणाऱ्याचे नाव सहसा नसते. मिरजेत मात्र वाद्यावर घडवणाऱ्याच्या घराण्याचे नाव असते, आणि त्या नावाने ते मागितले जाते.

राखणीची बंदूक

पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांत ठासणीची बंदूक विसाव्या शतकातही टिकली. भात, नाचणी, भुईमुगावर रानडुकरे आणि गवे उतरतात. रात्री माळ्यावर बसलेला राखणदार आवाजापुरता बार काढी. जनावर पळाले की काम झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची बंदूक असली तरी हौसेच्या शिकारीची मुभा उरली नाही. 2010 साली कोयना आणि चांदोलीचे जंगल मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आता राखणीला पत्र्याचे डबे, फटाके आणि सौर कुंपण जास्त दिसते. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे ते खंडेनवमीला तिची पूजा करतात, आणि निवडणूक लागली की बऱ्याचदा ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.

कायदा

सध्या 1959 चा शस्त्र अधिनियम लागू आहे. परवान्यावाचून बंदूक घडवणे, दुरुस्त करणे किंवा विकणे हा त्याच्या कलम 5 चा भंग म्हणून गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे. बंदूक जुन्या धाटणीची आहे, हौसेखातर केली, घरापुरती केली, यातले काहीही बचाव म्हणून चालत नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद मात्र कलम 13 मध्ये आहे.

पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेल्या किंवा कालबाह्य घडणीच्या शस्त्रांना कलम 45 मध्ये सूट आहे. पण दुरुस्ती करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच नगाला ती लागू होते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर पणजोबांची बंदूक सापडली तर ती साफसूफ करत बसू नये, नळीत जुना बार भरलेलाही असू शकतो. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. वारसाच्या नावे परवाना किंवा संग्रहालयाकडे देणगी, हे दोन्ही मार्ग तिथूनच सुरू होतात. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मराठेशाहीतली शस्त्रे पाहायला मिळतात.