गाडी खाली बसली की चाक मोठं झालं?

एखाद्या जुन्या स्पोर्ट्स कारचे दोन फोटो शेजारी ठेवा. एकात ती कंपनीतून निघाली तशीच आहे, दुसऱ्यात कुणी हौशीनं बदललेली. दुसरी जमिनीला चिकटलेली वाटते आणि बघणारा लगेच म्हणतो, ‘स्प्रिंगा बदलल्यात.’ पुष्कळदा ती एक मिलिमीटरही खाली आलेली नसते. रिम मोठी असते, चाक थोडं बाहेर आलेलं असतं आणि मडगार्डखालची काळी पोकळी भरलेली दिसते, एवढंच. लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग, आणि मोठं चाक, दोन्ही त्याच पोकळीसाठी विकले जातात, म्हणून ती दोन्ही एकाच कामाची वाटतात.

फरक ओळखायला मेकॅनिक लागत नाही, टेप पुरते. गाडी सपाट जागी उभी करून दोन मापं घ्या. पहिलं, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. दुसरं, दाराखालच्या सिलपासून जमिनीपर्यंत. स्प्रिंग बदलली असेल तर दोन्ही मापं सारखीच घटतात. रिम मोठी घातली पण टायरसकट बाहेरचा व्यास तोच राहिला, तर दोन्ही मापं जिथल्या तिथे. आणि व्यास वाढला असेल तर गंमत होते: पहिलं माप तेच राहतं, दुसरं वाढतं. म्हणजे पोकळी कमी दिसते, पण गाडी मात्र उंच झालेली असते! जमिनीपासून मडगार्डपर्यंत एकच माप घेणाऱ्याला यातलं काही कळत नाही, कारण त्या एका आकड्यात स्प्रिंग आणि टायर दोघांची भेसळ असते.

१९८९ साली आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घ्या. मूळ टायर १८५/६० आर १४, म्हणजे रुंदी १८५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची. टायरची भिंत १११ मिमी, रिम ३५५.६ मिमी, सगळं मिळून व्यास साधारण ५७८ मिमी. त्या जागी १५ इंची रिमवर १९५/५० घातला तर व्यास ५७६ मिमी येतो. स्पीडोमीटरलाही पत्ता लागत नाही. पण त्याच रिमवर २०५/५० चढवला की ५८६ मिमी होतात आणि गाडी चार मिमी वर जाते. चार मिमी काहीच नाहीत, मान्य. मात्र खाली करायला निघालेल्या माणसानं आधी वर जावं, हे जरा विनोदी आहे.

स्प्रिंगचं काम वेगळ्याच खोलीत चालतं. लोअरिंग स्प्रिंग आखूड असते, आणि ती ताठही असावीच लागते. गाडी ३० मिमी खाली आली की चाकाला वर जायला तेवढीच जागा कमी उरते. जुन्याच ताठपणानं भागवलं तर प्रत्येक खड्ड्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्यावरचा बंप स्टॉप, म्हणजे चाक आणखी वर जाऊ न देणारा रबरी ठोकळा, आपटेल. ताठपणा येतो मुख्यतः तारेच्या जाडीतून, वेढ्यांच्या संख्येतून आणि वेढ्याच्या व्यासातून. तार फक्त १० टक्के जाड केली तर स्प्रिंग जवळपास ४६ टक्के ताठ होते, कारण जाडीचा चौथा घात मोजला जातो. कटरनं एक वेढा उडवला तरी स्प्रिंग ताठ होते, वेढे कमी झाले ना. पण तिचं टोक नीट बसत नाही, आणि गाडी जॅकवर उचलली की ती जागेवर खुळखुळते. कापलेली स्प्रिंग मी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

शिवाय उंची घटली की वळणातलं वागणंही सुधारलंच, असं नसतं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत खालचा आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा, मुळात आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली केली की त्याचं चाकाकडचं टोक वर चढतं. गुरुत्वमध्य ३० मिमी खाली आला, पण ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो त्याहून जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि बॉडीला कलायला मोठी तरफ मिळते. नवी स्प्रिंग ताठ असल्यानं हे झाकलं जातं. चारही बाजूंना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, असलेल्या एमएक्स-५ला हा त्रास बराच कमी; तिथे चाकं वरच्या बाजूनं आत झुकतात आणि अलाइनमेंट नव्यानं करावी लागते.

जुन्या गाडीत आणखी एक फसगत आहे. पाकिटावर लिहिलेले ३० मिमी नव्या स्प्रिंगच्या उंचीपासून मोजलेले असतात. तीस वर्षं वजन वाहून मूळ स्प्रिंगा केव्हाच बसलेल्या असतात. त्यामुळे नवी जोडी घातल्यावर गाडी जेमतेम १५ मिमी खाली येते आणि मालक दुकानदाराशी भांडायला निघतो. म्हणून टेप आधी लावायची, जुन्या स्प्रिंगा गाडीत असतानाच.

आणि आर्मच्या सांध्यातले रबरी बुश! आर्मचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना करकचून आवळले तर गाडी खाली टेकताच बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग शेवटचा पिळा द्या. हे न केल्यानं गाडी थोडी वरच अडकून राहते, आणि दोष जातो स्प्रिंगला.

काही गाड्यांत तर हा प्रश्नच वेगळा आहे. पोर्शे ९४४ला मागे वेढ्यांची कॉइल स्प्रिंग नसतेच, टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, असतो; तो काढून दाते सरकवून पुन्हा बसवला की उंची बदलते. एमजीबीच्या मागच्या अ‍ॅक्सलला पाटे असतात. तिथे ‘चारही लोअरिंग स्प्रिंगा’ मागणाऱ्याला दुकानदार मान हलवून दाखवेल.

चाकाकडे वळू. इथे लोक रिमच्या इंचांकडे बघतात आणि ऑफसेट विसरतात. हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टनं बसतं त्या भागाला, टेकणारी रिमची पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, तो हा आकडा. तो जेवढा मोठा, तेवढं चाक आत जातं. एमएक्स-५ची मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५. तिच्या जागी सात इंची, ऑफसेट ३५ वाली लावली तर बाहेरची कड २९ मिमी बाहेर येते आणि आतली ९ मिमी आत, शॉककडे सरकते. १९८७च्या मॉडेलपासून ९४४चा ऑफसेट सुमारे ३० मिमीनं वाढला. जुन्या मॉडेलच्या रिमा नंतरच्या गाडीवर बोल्टला बरोबर बसतात आणि मडगार्डबाहेर डोकावतात. बोल्टांचं वर्तुळ जुळलं म्हणजे रिम जुळली, असं होत नाही. बीएमडब्ल्यू ई३० आणि एमएक्स-५ दोघींचंही ४ बाय १००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट, पण मधलं भोक एकीचं ५७.१ मिमी, दुसरीचं ५४.१. ई३०ची रिम एमएक्स-५वर लावायची तर मध्ये रिंग हवी. उलट, एमएक्स-५ची रिम ई३०च्या हबवर चढणारच नाही.

दोन्ही कामं एकमेकांत पाय घालतात ती इथे. चाक बाहेर आलं की सस्पेन्शनवर त्याची तरफ लांब होते, म्हणजे तीच स्प्रिंग थोडी मऊ लागते. बेअरिंगवर ताण वाढतो, खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातात ओढ घेतं. मी आधी रिमा घेतल्या होत्या. मस्त बसल्या, कुठे घासल्या नाहीत. चार महिन्यांनी स्प्रिंगा घातल्या आणि शेजारच्या सीटवर माणूस बसल्यावर एका उंचवट्यावर ‘खर्र’ असा आवाज आला. उतरून पाहिलं तर टायरच्या खांद्यावर बोटभर लांब चकचकीत रेघ.

आता क्रम उलटा ठेवतो. आधी स्प्रिंगा आणि गरज असेल तर शॉकही, मग थोडे दिवस गाडी चालवून त्या बसू देणं, मग अलाइनमेंट, आणि त्यानंतर रिमची मापं. नुसतं रूप हवं असेल तर स्प्रिंगला हातच लावू नका. व्यास तोच ठेवून रिम बदला. रिम पक्की करण्याआधी, शक्य असेल तर उसनी आणून, एक चाचणी घेतो. गाडी स्टँडवर, एका कोपऱ्यातली स्प्रिंग काढून ठेवलेली, चाक लावलेलं. खालून जॅक देत आर्म बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्यायचा. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि मडगार्डच्या आतल्या कडेला बोट घालून बघायचं. मागची चाकं वळत नाहीत म्हणून तिथे ही चाचणी कुणी करत नाही. माझ्या गाडीवरची रेघ मागच्याच टायरवर होती.