जॉन राजावर दोनदा कारवाई : इंटरडिक्ट वेगळं, बहिष्कार वेगळा

इंग्लंडच्या जॉन राजाबद्दल एक वाक्य सर्रास वाचायला मिळतं : पोपने त्याला बहिष्कृत केलं, म्हणून देशातली चर्चं बंद पडली. हे चूक आहे. चर्चं आधी बंद पडली, ती इंटरडिक्टमुळे, म्हणजे पोपने राज्यभर धार्मिक विधींवर घातलेल्या बंदीमुळे. राजा बहिष्कृत झाला त्यानंतर दीडेक वर्षाने.

भांडण कँटरबरीच्या आर्चबिशपपदाचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या सर्वोच्च पदाचं. तिथला आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर १२०५ मध्ये वारला. जॉनला तिथे नॉरिचचा बिशप, म्हणजे आपला माणूस हवा होता. पोप तिसरा इनोसंट याने १२०७ मध्ये स्टीफन लँग्टनला नेमलं. जॉनने त्याला देशात पाऊलही ठेवू दिलं नाही.

मार्च १२०८ मध्ये इंटरडिक्ट लागू झाला. ही बंदी राज्यावरची, म्हणजे प्रत्यक्षात रयतेवरची. नवजात बाळाचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचं पापनिवेदन तेवढं चालू. लोकांसाठीची मिस, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, बंद, घंटा बंद, पवित्र भूमीत दफन बंद. प्रार्थना नाही, पाद्री नाही, प्रेतं गावाबाहेर रस्त्याकडेला आणि खंदकांत पुरली जात, असं त्या काळच्या बखरकार रॉजर ऑफ वेंडोव्हरने लिहून ठेवलंय. तो जॉनचा कट्टर टीकाकार, तेव्हा थोडं तिखटमीठ धरून चाला. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या राजाचं काय? त्याने चर्चच्या जमिनी जप्त करून उत्पन्न स्वतःकडे वळवलं. वर पाद्र्यांनी ब्रह्मचर्याचा नियम मोडून घरात ठेवलेल्या बायका धरून आणल्या आणि दंड घेऊन सोडल्या. माझ्या मते, हे हत्यार चालवणाऱ्यावरच उलटलं.

नोव्हेंबर १२०९ मधला धर्मबहिष्कार मात्र थेट जॉनवर होता, आपल्याकडे एखाद्याला वाळीत टाकत तसा. त्याच्याशी संबंध ठेवणंच पाप. बहुतेक बिशप देश सोडून गेले. विंचेस्टरचा पीटर दे रोश तेवढा राजाला धरून राहिला. जॉनने तशीही काही वर्षं रेटली. पण १२१२ मध्ये वेल्समध्ये बंड झालं, सरदारांचा कट उघड झाला आणि फ्रान्सचा राजा फिलिप स्वारीची तयारी करू लागला. वाळीत पडलेल्या राजाविरुद्ध उठणाऱ्यांना आता धर्माचं निमित्तही मिळालं होतं.

मे १२१३ मध्ये डोव्हरजवळ जॉन नमला. लँग्टनला स्वीकारलं, इतकंच नव्हे तर राज्यच पोपच्या चरणी घालून वर्षाला १००० मार्क (पैसे मोजायचं तेव्हाचं एकक) देण्याच्या अटीवर मांडलिक म्हणून परत घेतलं. मला यात शरणागतीपेक्षा धूर्तपणा जास्त दिसतो : पोपच्या मांडलिकावर फिलिपने आता कोणत्या तोंडाने चालून यायचं?

जुलैमध्ये विंचेस्टरला लँग्टननेच त्याला दोषमुक्त केलं. बहिष्कार संपला. इंटरडिक्ट मात्र उठला नाही, कारण लुटलेल्या चर्चला भरपाई किती द्यायची यावर घासाघीस सुरू होती. ती मिटून बंदी उठायला जुलै १२१४ उजाडला.