एएफएस क्लायंट : डीएनएसवरून सर्व्हरचा शोध

एएफएस म्हणजे अँड्र्यू फाइल सिस्टिम. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साहाय्याने १९८०च्या दशकात ही वितरित फाइल प्रणाली उभी राहिली. एका संस्थेच्या ताब्यातल्या सर्व्हर-क्लायंटच्या समूहाला तिच्यात ‘सेल’ म्हणतात. फाइल नेमकी कोणत्या सर्व्हरवर आहे, हे क्लायंट सेलच्या डेटाबेस सर्व्हरला विचारतो. पण त्या डेटाबेस सर्व्हरचा पत्ता त्याला कुठून मिळायचा?

पूर्वी तो ‘सेलसर्वडीबी’ या फाइलीतून मिळे. ही साधी मजकुराची फाइल प्रत्येक क्लायंटवर असते : ‘>’ या चिन्हाला लागून सेलचे नाव, त्याखाली ओळीला एक याप्रमाणे सर्व्हरचे आयपी पत्ते आणि ‘#’पुढे त्या सर्व्हरचे नाव. वाचायला सोपी, सांभाळायला जिकिरीची. पत्ता बदलला की ती यंत्रागणिक दुरुस्त करावी लागते. एवढ्यानेही भागत नाही, कारण क्लायंट ही यादी सुरू होतानाच वाचून घेतो. चालू यंत्राला बदल कळवायचा तर ‘एफएस न्यूसेल’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. आणि दुसऱ्या संस्थांच्या यंत्रांवर पडून असलेल्या जुन्या प्रतींपर्यंत तर आपला हातच पोचत नाही. डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेकडे, वळण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

डीएनएसमध्ये यासाठी ‘एएफएसडीबी’ ही नोंद १९९०च्या आरएफसी ११८३ने आणली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक संकेत मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). तिच्यात उपप्रकाराचा आकडा, एएफएससाठी १, आणि सर्व्हरचे नाव एवढेच असते. २०१०च्या आरएफसी ५८६४ने तिच्या जागी ‘एसआरव्ही’ नोंद सुचवली. ‘_एएफएस३-व्हीएलसर्व्हर._यूडीपी’ या उपसर्गाला सेलचे नाव जोडून ती शोधतात. पोर्ट, एरवी ७००३, आणि कोणत्या सर्व्हरला आधी विचारायचे तो क्रमही तीच सांगते.

ओपनएएफएस या एएफएसच्या मुक्त-स्रोत आवृत्तीत क्लायंट सुरू करताना ‘-एएफएसडीबी’ हा पर्याय दिला की ही सोय चालू होते. लोक अडखळतात ते पुढच्या पायरीवर : फाइलीत त्या सेलचे पत्ते असतील तर फाइलच प्रमाण मानली जाते आणि डीएनएसला कोणी विचारत नाही. म्हणून आधी डीएनएसमध्ये नोंदी घालाव्यात, त्या बाहेरून नीट दिसतात याची खात्री करावी आणि मगच फाइलीतले पत्ते काढावेत. ‘>’ची ओळ एकटी ठेवली तरी चालते.

डीएनएसचे उत्तर बनावट असू शकते, ही शंका रास्त आहे. कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या प्रणालीचे टोकन (ओळखीचा डिजिटल पुरावा) घेतलेल्या वापरकर्त्याला तोतया फाइल सर्व्हर सहज फसवू शकत नाही, कारण त्याच्याकडे सेलची गुप्त किल्ली नसते. टोकनाविना वाचणाऱ्याला मात्र हे कवच नाही. त्याच्यासाठी डीएनएसेकचा, म्हणजे डीएनएसची उत्तरे डिजिटल सहीने पडताळण्याच्या सोयीचा, आधार घ्यावा.

खुद्द डेटाबेस सर्व्हरवरची सेलसर्वडीबी मात्र काढून चालत नाही. आपले जोडीदार सर्व्हर कोण, हे ते त्याच फाइलीतून वाचतात.