ब्रूस ली खरंच लढू शकायचा का?

नानचाकूने (साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांनी) टेबल टेनिस खेळणाऱ्या ब्रूस लीचा व्हिडिओ तुम्हालाही कुणीतरी पाठवला असेलच. त्यातला माणूस ब्रूस ली नव्हेच! ती 2008 ची नोकियाची जाहिरात, आणि त्यातला माणूस त्याच्यासारखा दिसणारा नट. ली 1973 मध्येच गेला होता.

‘एकही लढत न हरलेला विश्वविजेता’ हीसुद्धा अशीच थाप. व्यावसायिक किंवा कराटे स्पर्धांमध्ये तो कधी उतरलाच नाही. नोंद आहे ती 1958 साली हाँगकाँगमध्ये जिंकलेल्या आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धेची.

म्हणून तो नुसता पडद्यावरचा हिरो ठरतो का? तसंही नाही. गुरू इप मॅनच्या शाळेत तो विंग चुन ही कुंग फूची शैली शिकला होता. 1964 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला वाँग जॅक मॅन या कुंग फू लढवय्याशी त्याची बंद दाराआड लढत झाली. लीची पत्नी लिंडा म्हणते, तीन मिनिटांत ली जिंकला. वाँगच्या मते ती वीसेक मिनिटं चालली. चित्रीकरण नाही, त्यामुळे हा वाद मिटणारा नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: आपल्याला इतकी धाप लागावी, हे लीला खटकलं. त्याने व्यायाम बदलला, विंग चुनची चौकट सैल केली आणि त्यातूनच पुढे जीत कुन दो ही त्याची स्वतःची लढण्याची पद्धत आकाराला आली.