रत्नागिरी तेलशुद्धीकरण प्रकल्प

कोकणात नाणार किंवा बारसू रिफायनरी म्हणून ओळखला जाणारा, अद्याप कागदावरच असलेला प्रकल्प. त्यासाठी 2017 मध्ये इंडियन ऑइल (50 टक्के), भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम (प्रत्येकी 25 टक्के) यांनी संयुक्त कंपनी काढली. वर्षाला 6 कोटी टन कच्चे तेल शुद्ध करायचे, खर्च सुमारे 3 लाख कोटी रुपये, असा बेत होता. 2018 मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक या तेल कंपन्यांशी सामंजस्य करार होऊन निम्मा वाटा त्यांना देण्याचे ठरले. असा करार म्हणजे साखरपुडाही नव्हे, फार तर पत्रिका जुळल्याचे सांगणे. खरा पैसा येतो तो गुंतवणुकीचा अंतिम निर्णय झाल्यावर, आणि जमीन व पर्यावरण मंजुरी हातात नसताना तो कोणी घेत नाही.

घोडे अडले ते जमिनीवरच. मे 2017 मध्ये राजापूर तालुक्यातील नाणारसह 14 आणि देवगडमधील गिर्ये व रामेश्वर या गावांसाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. कोकणातल्या सातबाऱ्यावर पणजोबापासून चुलत्यांपर्यंत नावांची रांग असते आणि त्यातले बरेच सहहिस्सेदार चाकरमानी, मुंबईत. सही कोणाची घ्यायची इथूनच सुरुवात. त्यात हापूसच्या बागा आणि खाडीतली मासेमारी. सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेनेही विरोध केला आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च 2019 मध्ये, अधिसूचना रद्द झाली.

गंमत अशी, की जानेवारी 2022 मध्ये त्याच पक्षाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातील बारसू परिसरात 13,000 एकर जागा सुचवली. एप्रिल 2023 मध्ये तेथे माती परीक्षण सुरू होताच बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, पोलिसांशी झटापटी झाल्या. बारसूचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, वरून ओसाड दिसतो, सरकारी भाषेत ‘पडीक’. पण त्याच कातळावर दोन वाघांमध्ये उभ्या माणसाचे प्रागैतिहासिक कातळशिल्प कोरलेले आहे, आणि कोकणातील कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत.

दरम्यान, डिसेंबर 2024 मध्ये भारत पेट्रोलियमने नव्या रिफायनरीच्या पूर्वतयारीसाठी सुमारे 6,100 कोटी रुपये मंजूर केले, ते आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यासाठी.