आमच्या पूर्वजांचं काय? देवाचा कोप, देवाची प्रीती आणि साताऱ्या-सांगलीची वाट

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन मराठी चर्चमध्ये जी उपासना होते, तिच्यात वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार बहुधा वेगवेगळ्या वक्त्यांना वाटून दिलेले असतात. चौथा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो त्याची खरी कसोटी लागते. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' देव प्रीती आहे असं शिकवणाऱ्याला इथे सांगावं लागतं, की मग हा त्याग कोणी केला आणि कशासाठी? पापी माणसांवरचा बापाचा राग निरपराध मुलावर निघाला आणि बाप शांत झाला, एवढं सांगून बरेच जण पुढच्या उद्गाराकडे वळतात. हे उत्तर अपुरं आहे. शिवाय ते मंडळीचं मूळचं उत्तरही नाही.

जुन्या करारात कोप आणि दया शेजारी शेजारीच राहतात. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात देव स्वतःची ओळख करून देतो ती दयाळू, कृपाळू आणि मंदक्रोध अशी, आणि लगेच अपराध्याची गय करणार नाही असंही बजावतो. पण या सगळ्यात मला होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सर्वांत खोल वाटतो. इस्राएल लहान होता तेव्हा मी त्याला हाताला धरून चालायला शिकवलं, असं देव आठवून सांगतो. त्या पोरानं पाठ फिरवली आहे. शिक्षा ठरलेली आहे. आणि मध्येच देवाचं काळीज पालटतं: एफ्राईमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडून देऊ? आपला संताप तो अंमलात आणत नाही. कारण काय सांगतो? 'मी देव आहे, मनुष्य नव्हे.' आपण एरवी उलट समजतो, की कोप ही देवाची बाब आणि दया ही माणुसकी. होशेयाच्या मते रागाच्या भरात नाश करणं हे माणसाचं काम आहे. स्वतःला आवरण्यातच देवाचं देवपण आहे.

हा ताण पहिल्यांदा कोणी तोडून टाकला असेल तर मार्सियनने. काळ्या समुद्राकाठच्या सिनोप गावचा हा धनिक रोमला आला. रागावणारा, न्याय करणारा तो जुन्या कराराचा देव निराळा आणि येशूचा प्रेमळ पिता निराळा, असं तो शिकवू लागला. त्यासाठी त्याने पवित्र शास्त्राला कात्री लावली: जुना करार पूर्ण वगळला, नव्यातलंही बरंच गाळलं. इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने पुढे त्याच्याविरुद्ध पाच पुस्तकं लिहिली. जो देव कशावरच रागावत नाही त्याला चांगल्याची तरी काय चाड, असा त्याचा मुद्दा होता.

मला ज्याचं उत्तर सर्वांत जवळचं वाटतं तो ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप. पुत्र मेला म्हणून पित्याचा राग गेला का, हा प्रश्न त्याने थेट विचारला. पुत्राला पाठवलं ते पित्याच्या प्रीतीनेच, मग आधी राग आणि नंतर प्रीती असा क्रम लागतच नाही, असं त्याने दाखवून दिलं. आमच्यातलं जे आमचं होतं, म्हणजे पाप, त्याचा देवाला द्वेष होता आणि जे त्याने घडवलं होतं त्यावर प्रीती, दोन्ही एकाच वेळी, असं तो म्हणतो. हजारेक वर्षांनी धर्मसुधारक कॅल्व्हिनने हेच वचन उद्धृत केलं. मधल्या काळात ॲन्सेल्म या धर्मपंडिताने १०९८ च्या सुमारास हा प्रश्न देवाचा मान आणि त्याची भरपाई या भाषेत मांडला. धर्मसुधारक लूथरने यशया संदेष्ट्याच्या आधाराने कोपाला देवाचं 'परकं काम' म्हटलं. प्रीती हे त्याचं स्वतःचं काम.

ही सगळी परंपरा आपल्या भागात आली ती दोन अमेरिकन वाटांनी. अमेरिकन मराठी मिशनचं साताऱ्याचं ठाणं १८४९ चं, काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा अशा वळणाचं. सांगलीला १८८४ मध्ये आले ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या सभांनी कारभार चालवणाऱ्या पंथाचे. कोल्हापूरकडून आलेल्या या मिशनऱ्यांच्या हाती सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे त्यांच्या पंथाच्या श्रद्धेचा अधिकृत जाहीरनामा होता. निवडलेले कोण आणि कोपाखाली राहणारे कोण, हे त्यात फार कडक शब्दांत मांडलेलं आहे.

अशी शिकवण अशा मुलखात आली, जिथे पितृपक्षात घरोघर पूर्वजांना घास ठेवतात आणि संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी उत्तरक्रिया होतात. तिथे ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येणार तो हाच: ज्यांच्या कानावर येशूचं नावही गेलं नाही ते आमचे आजे-पणजे देवाच्या कोपात गेले का? हा प्रश्न किती जड होता ते अहमदनगरचे अमेरिकन मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांच्या प्रकरणात दिसतं. मुंबईत जन्मलेले ह्यूम १८७४ पासून नगरला काम करत होते. १८८६ साली रजेवर असताना ते अमेरिकेतल्या अँडोव्हरच्या सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या विद्यालयात) बोलले. सुवार्ता न ऐकता मेलेल्यांना मरणानंतरही ख्रिस्ताची ओळख होऊ शकेल, अशी आशा बाळगायला हरकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताने बंदीत असलेल्या आत्म्यांना घोषणा केल्याचा उल्लेख आहे, त्यामुळे ही आशा अगदीच निराधार नव्हती. तरी मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डात वादळ उठलं आणि ह्यूम यांचं भारतात परतणंच काही काळ अडवून धरलं गेलं. शेवटी ते परतले.

देवाच्या कोपाचा हा वाद विद्यापीठातल्या पंडितांचा होता, असं मानण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. पूर्वजांची आठवण जपणाऱ्या माणसांसमोर रोज उभं राहावं लागलं नसतं, तर ह्यूमसारख्या माणसाला तो प्रश्न इतका टोचला असता का? सांगली-मिरजेचं मिशन ज्या प्रेस्बिटेरियन चर्चचं होतं, त्या चर्चनेही १९०३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या अंगीकारात 'देवाची प्रीती आणि मिशनकार्य' या विषयावर नवा अध्याय जोडला. निवडलेल्यांविषयीचं जुनं कलम काढलं नाही, पण प्रीतीला स्वतंत्र जागा द्यावी लागली.

रोगराईतही हाच प्रश्न होता. देवीच्या रोगाला आपल्याकडे नावच देवीचं, म्हणजे अंगावर फोड उठले की आधी कोपाचा विचार. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. दोन वर्षांनी मुंबईत प्लेग आला आणि पुढे दख्खनभर पसरला. जन्मांधाविषयी 'याने पाप केलं की याच्या आईबापांनी?' असं शिष्यांनी विचारल्यावर येशू म्हणाला होता, कोणीही नाही. मोतीबिंदू काढणाऱ्या त्या शस्त्रक्रियागृहाला याहून जवळचं वचन नसेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं, तेव्हा हा देवाचा कोप का असं विचारणाऱ्यालाही शिलोहाचा बुरूज कोसळून त्याखाली मेलेल्या अठरा जणांविषयी येशू काय म्हणाला ते सांगता येतं: ते इतरांहून अधिक पापी नव्हते. पुढची पश्चात्तापाची ताकीद मात्र गाळू नये. तीही त्याचीच आहे.

१९१७ मध्ये ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक मिशनचं काम सोडून साताऱ्याला आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. ख्रिस्ताला त्यांनी आई आणि गुरू या दोन्ही नात्यांनी हाक मारली. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही, पण त्यांची भजनं आजही मराठी उपासनेत म्हटली जातात. बापाचा राग मुलावर निघाला, हे चित्र त्या भजनांशी जुळवून पाहिलं की फारच परकं वाटतं.

तरी टिळकांची माउली एकटी पुरत नाही, असं मला वाटतं. इथल्या मराठी मंडळ्यांत महार-मांग घरांतून आलेली माणसं मोठ्या संख्येने होती. पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या माणसाला, त्या हाकलण्यावर कधीच न रागावणारा देव प्रेमळ तरी कसा वाटावा? आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव अन्याय करणाऱ्यांच्या सणांचा आणि गीतांचा तिटकारा करतो आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणतो. तो कोप त्या माणसाच्या बाजूचा आहे.